संदर्भावरून शब्दांचा आणि वाक्प्रचारांचा अर्थ लावणे : काय जमते, कुठे फसते

अन्वयार्थ (धागाकर्ता)

वाचताना अनोळखी शब्द अडला की बहुतेकांना शाळेत शिकवलेली यादी आठवते. ‘म्हणजे’, ‘अर्थात’, ‘ज्याला अमुक म्हणतात’ असे काही असेल तर व्याख्या. ‘पण’, ‘उलट’, ‘मात्र’, ‘एरवी’ असेल तर विरोध. ‘जसे’, ‘वगैरे’, ‘यांसारखे’ असेल तर उदाहरणे. ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘परिणामी’ असेल तर कार्यकारण. यादी बरोबरच आहे. पण ती तोंडपाठ असलेला वाचकसुद्धा ‘त्यांनी कानावर हात ठेवले’ याचा अर्थ ‘त्यांनी ऐकून घेतले नाही’ असा लावतो आणि पुढे जातो. अर्थ चुकला हे त्याला कळतही नाही, कारण चुकलेला अर्थही वाक्यात बसतो. अशा बसणाऱ्या पण चुकीच्या अर्थांचे काय करायचे, यावर इथे चर्चा व्हावी.

आधी क्रम मांडतो. भाषाशिक्षणाचे अभ्यासक क्लार्क आणि नेशन यांनी १९८० मध्ये सुचवलेल्या पायऱ्या मराठीलाही चालतात:

१. शब्दाची जात ठरवा. नाम, विशेषण, क्रियापद की क्रियाविशेषण?

२. त्याच वाक्यात तो कोणाशी जोडला आहे ते पाहा. नाम असेल तर त्याला कोणते विशेषण लागले आहे? क्रियापद असेल तर कोण करतो, कशाला करतो?

३. मागचे-पुढचे वाक्य पाहा. मध्ये जोडणारा शब्द नसेल तर स्वतः घालून बघा. तिथे ‘म्हणून’ शोभते की ‘तरीही’, यावरून दोन वाक्यांचा संबंध उघड होतो.

४. आता अंदाज करा.

५. अंदाज मूळ शब्दाच्या जागी ठेवून वाक्य पुन्हा वाचा. जात जुळली पाहिजे. शब्द विशेषण आहे आणि आपला अंदाज ‘दुःख’ असा नामाचा आला असेल, तर काम अर्धेच झाले आहे. शब्दाची फोड करायची ती या पायरीवर, त्याआधी नाही.

एक अट मात्र पाळावी लागते. हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासात, कोणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजायला मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, असे दिसले. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. तीनशे शब्दांच्या पानावर असे सहा शब्द असतील तर अंदाज चालतो. पंधरा-वीस असतील तर ज्या शब्दांनी खूण द्यायची तेच अनोळखी असतात. तिथे जिद्दीने अंदाज करत बसू नये. कोश घ्यावा किंवा सोपा मजकूर निवडावा.

कानामात्रा

धागा फार उपयोगी आहे. पहिल्या दोन पायऱ्यांवरून लोक भराभर पुढे जातात, पण मराठीत खरा ऐवज तिथेच आहे. आपल्या भाषेत लिंग, वचन आणि विभक्ती शब्दाच्या अंगावरच दिसतात, त्यामुळे अर्थ कळायच्या आधीच पुष्कळ काही कळून जाते.

लिंगापासून सुरू करू. ‘तीच तीच भाषणे ऐकून त्याला वीट आला.’ घराची वीट स्त्रीलिंगी, ती ‘आली’. इथे ‘आला’ आहे, म्हणून हा वेगळाच शब्द, अर्थ कंटाळा. ‘बराच वेळ गेला’ यात कालावधी, ‘निघायची वेळ झाली’ यात नेमका क्षण. ‘हार मिळाला’ तर फुलांचा, ‘हार पत्करली’ तर पराभव. ‘माळ’ पुल्लिंगी असेल तर मोकळी जमीन, स्त्रीलिंगी असेल तर मण्यांची. क्रियापदाचे शेवटचे अक्षर वाचायला अर्धा सेकंद लागतो आणि निम्मे पर्याय तिथेच गळतात.

दुसरी खूण ‘ला’ची. ‘त्याला ___ आली’ अशी रचना दिसली की रिकाम्या जागी बहुधा अंगात किंवा मनात आपोआप उमटणारे काहीतरी असते: चीड, कीव, शिसारी, भोवळ, ग्लानी, जाग. हे माणूस ठरवून करत नाही. आता शरीराचे की मनाचे, एवढेच ठरवायचे उरते, आणि ते पुढच्या उपवाक्यात असते. ‘भोवळ आली आणि तो भिंतीला टेकला’ यात शरीर. ‘कीव आली आणि त्याने शिक्षा कमी केली’ यात मन.

तिसरी खूण ‘ने’ची. भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागला असेल तर क्रियापद बहुतेक वेळा सकर्मक असते. म्हणजे ती क्रिया कशावर तरी झालेली आहे. ते ‘काहीतरी’ आधी शोधा, क्रियापदाचा अर्थ मागून येतो.

पर्णिका

+१. विरोधदर्शक खुणांबद्दल थोडी भर घालते. ‘पण’ आणि ‘मात्र’ दिशा दाखवतात, मुक्कामाला पोहोचवत नाहीत.

‘एरवी तो ___ असे, पण त्या दिवशी भरभरून बोलला.’ रिकाम्या जागी ‘कमी बोलणारा’ हे कोणीही सांगेल. पण तिथे अबोल, घुमा, मितभाषी, मुखदुर्बळ यांपैकी कोणताही शब्द असू शकतो, आणि चारही शब्द माणसाचे वेगवेगळे चित्र उभे करतात. अबोल ही स्वभावाची साधी नोंद आहे. मितभाषी ही बहुधा प्रशंसा असते. घुमा म्हणताना ‘मनात काय चाललंय ते कळू देत नाही’ अशी तक्रार असते. मुखदुर्बळ माणसाला बोलायचे असते, पण जमत नाही. ‘पण’वरून हा फरक कळणार नाही. त्यासाठी लेखक त्या माणसाबद्दल आणखी काय म्हणतो ते शोधायचे. शेजारी ‘विचारी’ असेल तर मितभाषी. ‘त्यामुळे त्याचे काम मागे पडे’ असेल तर मुखदुर्बळ.

म्हणून अंदाज एका शब्दात बांधू नये, अर्थ आणि सूर वेगळे नोंदवावेत. ‘कमी बोलणारा, सूर: नापसंतीचा?’ एवढी नोंद पुरते. सूर अजून कळलेला नाही हे लिहून ठेवले की पुढच्या पानावर तो शब्द पुन्हा आल्यावर डोळा नेमका तेवढेच शोधतो.

सूर सांगणारी एक जागा प्रत्ययातही असते. ‘सर’ लागला की फक्त जवळपासपणा: लालसर, ओलसर, काळसर. ‘कट’ लागला की बहुधा नावड मिसळते: मळकट, मातकट, पोरकट. ‘खोर’ लागला की वाईट सवय: भांडखोर, लाचखोर, चुगलखोर. मूळ शब्द माहीत नसला तरी ‘खोर’ पाहून ही स्तुती नाही एवढे नक्की ठरवता येते.

शब्दशोध

अन्वयार्थ, शब्दाची फोड शेवटच्या पायरीवर का? मराठीतले तत्सम शब्द तर उपसर्ग-प्रत्ययांनी बांधलेले आहेत. ‘निर्’, ‘दुर्’, ‘सु’, ‘प्रति’, ‘बे’, ‘गैर’, ‘बिन’ एवढे माहीत असले की शेकडो शब्द सुटतात. फोड आधी केली तर संदर्भ शोधायला दिशा तरी मिळते.

अन्वयार्थ

प्रश्न रास्त आहे. फोड उपयोगी नाही असे माझे म्हणणे नाही. फोड आधी केली की वाचक तिला चिकटून बसतो आणि संदर्भ वाकवून तिच्यात बसवतो, ही अडचण आहे. नेशन यांनीही याच कारणासाठी फोड पडताळ्याच्या वेळी करायला सांगितली आहे. मराठीतली उदाहरणे पाहा:

‘अनुदार धोरण’. ‘अनु’ म्हणजे मागोमाग, हे अनुकरण, अनुगामी यांवरून माहीत असते. पण इथे फोड अन् + उदार आहे. अनुचित, अनुपस्थित, अनुपम हेही तसेच. ओळखायची सोपी युक्ती आहे: ‘अन्’ काढल्यावर उरलेला भाग ‘उ’ने सुरू होऊन पूर्ण शब्द बनतो का ते बघा. उदार, उचित, उपस्थित बनतात, म्हणून तिथे नकार. ‘अनुकरण’मध्ये ‘उकरण’ उरते, ते काही शब्द नव्हे.

अफाट, अचाट, अवाढव्य. सुरुवातीचा ‘अ’ पाहून नकार वाटतो, अर्थ मात्र सगळीकडे ‘प्रचंड’च्या आसपास.

‘बेरीज’, ‘बेत’. यांतल्या ‘बे’चा बेफिकीरमधल्या ‘बे’शी काही संबंध नाही.

‘निर्घृण हत्या’. घृणा म्हणजे किळस असे धरले तर ‘किळस नसलेली हत्या’ असे काहीतरी हाती येते. संस्कृतात घृणा शब्दाला दया हाही अर्थ आहे आणि इथे तो लागू होतो. संदर्भ आधी पाहिला असता तर ‘क्रूर’ हे सहज कळले असते.

आणि सगळ्यांत कठीण ‘अपरोक्ष’. परोक्ष म्हणजे डोळ्यांआड, म्हणून अपरोक्ष म्हणजे समोर, असे फोड सांगते. आजच्या मराठीत ‘माझ्या अपरोक्ष हे ठरवले’ याचा अर्थ ‘माझ्या माघारी’ असाच होतो. आध्यात्मिक ग्रंथात ‘अपरोक्ष अनुभव’ आला तर तिथे मात्र ‘प्रत्यक्ष’ हा जुना अर्थ कायम असतो. दोन्हींत निवड कोण करणार? संदर्भच.

त्यामुळे फोड साक्षीदार म्हणून बोलवावी. निकाल तिच्या हाती देऊ नये.

शब्दशोध

पटले. याच्याच जोडीला हिंदीतून येणारी फसगत मांडतो, कारण ती फोडीसारखीच आत्मविश्वासाने चुकवते. शिक्षा, संशोधन, चेष्टा, यातायात, राजीनामा हे शब्द दोन्ही भाषांत आहेत. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, संशोधन म्हणजे दुरुस्ती, यातायात म्हणजे वाहतूक, राजीनामा म्हणजे समझोता. मराठीत ‘परवानगी मिळवताना फार यातायात झाली’ म्हणजे दगदग झाली. अशा ठिकाणी शब्द ओळखीचा वाटतो, म्हणून वाचक अंदाज करायला थांबतच नाही. वाक्य किंचित जरी खटकले तरी ओळखीच्या शब्दावरही संशय घ्यावा.

दुसरीओळ

वाक्प्रचारांकडे वळू या का? खरी गंमत आणि खरी अडचण तिथेच आहे. हा उतारा घ्या, मुद्दाम वाक्प्रचार कोंबून लिहिला आहे:

‘संस्थेच्या कारभारावर बोट ठेवणाऱ्या सभासदांना अध्यक्षांनी सुरुवातीला दाद दिली नाही. पुढे हिशेबाच्या वह्या मागवल्या गेल्या तेव्हा खजिनदाराने कानावर हात ठेवले, चिटणिसांनी काढता पाय घेतला आणि अखेर अध्यक्षांनाच सारवासारव करावी लागली.’

वाक्प्रचार आधी ओळखावा लागतो. पहिली चाळणी अशी: शब्दशः अर्थ शक्य आहे का? कारभार ही हाताला लागणारी वस्तू नाही, त्यामुळे त्यावर बोट ठेवता येत नाही. इथे वाक्प्रचार आहे हे लगेच कळते. कानावर हात मात्र कोणीही ठेवू शकतो. म्हणून ती जागा धोक्याची. तिथे दुसरी चाळणी लावायची: ती कृती शब्दशः घेतली तर या प्रसंगात तिचे काही प्रयोजन आहे का? वह्या मागितल्यावर खजिनदार खरेच हातांनी कान झाकून घेईल, हे पटत नाही.

आता सांगाडा पाहा. ‘सुरुवातीला – पुढे – अखेर’ असा चढत जाणारा क्रम आहे. सभासद काहीतरी करतात, अध्यक्ष प्रतिसाद देत नाहीत, मग प्रकरण वह्या मागवण्यापर्यंत जाते. म्हणजे सभासद जे करत होते ते कारभारातली चूक दाखवणे असणार. बोट ठेवणे सुटले. ‘दाद दिली नाही’ म्हणजे लक्ष दिले नाही, हेही त्याच ओघात येते. कारण दाद दिली असती तर ‘पुढे’ची गरज पडली नसती.

मग तीन माणसे, तीन क्रिया आणि कारण एकच. इथली सगळ्यात मौल्यवान खूण ‘अध्यक्षांनाच’ मधला ‘च’ आणि ‘करावी लागली’ यात आहे. जे काम करावे लागले ते नकोसे होते, आणि ते एकट्या अध्यक्षांवर पडले. याचा अर्थ बाकीचे दोघे निसटले. म्हणजे ‘कानावर हात ठेवणे’ आणि ‘काढता पाय घेणे’ या दोन्ही निसटण्याच्याच तऱ्हा असल्या पाहिजेत. काढता पाय घेणे म्हणजे गुपचूप निघून जाणे, हे ‘पाय’ शब्दावरून जुळते. कानावर हातचे दोन अंदाज उरतात: ऐकून न घेणे, किंवा आपल्याला काही माहीत नाही असे दाखवणे.

या उताऱ्यावरून एवढेच ठरते, यापुढे नाही. दोन्ही अंदाज इथे बसतात, म्हणून दोन्ही हातात ठेवायचे आणि दुसरे वाक्य येईपर्यंत थांबायचे. ‘खिडकी कोणी फोडली असे विचारताच सगळ्यांनी कानावर हात ठेवले.’ विचारणाऱ्याला माहिती हवी आहे आणि ती कोणी देत नाही. ‘ऐकून घेतले नाही’ इथे लंगडे पडते, ‘माहीत नसल्याचे सांगितले’ हे चपखल बसते. आता पहिल्या उताऱ्याकडे परत जाऊन अर्थ पक्का करता येतो.

‘सारवासारव’ची फोड इथे मदत करते. रडारड, पळापळ, ओढाओढ यांसारखी धातूची द्विरुक्ती आहे, म्हणजे क्रिया घाईने किंवा पुन्हा पुन्हा. सारवणे म्हणजे वरून थर देऊन पृष्ठभाग एकसारखा करणे. चूक वरवर झाकणे या अंदाजाला दुजोरा मिळतो.

कानामात्रा

उत्तम विश्लेषण. वाक्प्रचारात व्याकरणाची खूण किती सूक्ष्म असते हे ‘पाणी’वरून दाखवता येईल. तीन वाक्ये बघा:

‘त्याने वडिलोपार्जित हक्कावर पाणी सोडले.’
‘त्याच्या वर्षभराच्या कष्टांवर पाणी पडले.’
‘भावाने त्याच्या आशेवर पाणी फिरवले.’

तिन्हींत ‘पाणी’ आणि तिन्हींत ‘वर’. निव्वळ शब्दांवरून पाहिले तर तिन्हींचा अर्थ ‘नुकसान’ असा एकच लावला जातो. आता कोण करतो आणि कोणाचे जाते ते पाहा. पहिल्यात कर्ता आहे आणि हक्क त्याचाच आहे: स्वतःचे स्वतः सोडून दिले. दुसऱ्यात करणारा कोणी नाही, ‘पडले’ हे अकर्मक आहे: आपोआप वाया गेले. तिसऱ्यात करणारा एक आणि आशा दुसऱ्याची: कोणीतरी दुसऱ्याचे धुळीला मिळवले. विभक्ती आणि क्रियापद यांनीच अर्थ वेगळा केला, ‘पाणी’ने नव्हे.

‘वर’ निघून गेले की सगळेच बदलते. ‘प्रतिस्पर्ध्याला पाणी पाजले’ म्हणजे हरवले. ‘शेजाऱ्याला पाण्यात पाहतो’ म्हणजे द्वेष करतो. ‘त्याचे पाणी जोखले’ म्हणजे कुवत ओळखली. ‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ म्हणजे काहीतरी लपवाछपवी आहे. म्हणून नाम ओळखीचे आहे एवढ्यावर कधीही विसंबू नये. हात, डोळा, पाठ, पोट, पाणी ही नामे पन्नास ठिकाणी येतात, आणि वाक्प्रचाराचा अर्थ नाम + प्रत्यय + क्रियापद या तिघांवर मिळून ठरतो.

वचनही पाहावे. ‘पहाटे कुठे त्याचा डोळा लागला’ म्हणजे झोप लागली. ‘सगळ्यांचे डोळे वाटेकडे लागले’ म्हणजे आतुरतेने वाट पाहिली.

नवेपान

चर्चा फार छान चालली आहे. एक विचारू का? परीक्षेत उतारा असतो, कोश नसतो, ‘दुसरे वाक्य येईपर्यंत थांबा’ हेही जमत नाही. खाली चार पर्याय असतात आणि दोन अगदी जवळचे वाटतात. तिथे काय करावे?

शब्दशोध

पर्याय वाचायच्या आधी स्वतःचा अंदाज तयार करा, एवढे आधी पाळा. अधोरेखित शब्दावर बोट ठेवून तो झाका, ते वाक्य आणि मागचे-पुढचे एकेक वाक्य वाचा, रिकाम्या जागी काय येईल ते मनात म्हणा. मगच पर्यायांकडे जा. पर्याय आधी वाचले की त्यांतला सर्वांत ओळखीचा शब्द मनात घर करतो.

चुकीचे पर्याय बहुधा तीन साच्यांचे असतात. वर कानामात्रांनी दिलेलेच उदाहरण घेऊ: ‘अनेक वर्षांच्या खटपटीनंतर मंडळाने त्या प्रकल्पावर पाणी सोडले.’ पर्याय समजा असे: (अ) प्रकल्पाला पाणी पुरवले, (ब) प्रकल्प वाया गेला, (क) प्रकल्पाचा नाद सोडून दिला, (ड) प्रकल्प मुद्दाम बुडवला.

‘अ’ शब्दशः अर्थ आहे. हा साचा ओळखणे सोपे. ‘ब’ शेजारच्या वाक्प्रचाराचा अर्थ आहे, ‘पाणी पडणे’चा. ‘मंडळाने’ हा कर्ता ‘ब’मध्ये कुठेच दिसत नाही, म्हणून तो बाद. ‘ड’ अतिरेकी अर्थ आहे. दिशा जुळते, पण मजकुरात नसलेला हेतू त्यात घुसवला आहे. ‘खटपटीनंतर’ हा शब्द मंडळाची इच्छा दाखवतो, मुद्दाम बुडवण्याशी तो विसंगत. उरला ‘क’.

दोन पर्याय जवळचे वाटले तर ‘कोणता बरोबर?’ असे न विचारता ‘कोणत्या पर्यायासाठी मजकुरात नसलेली गोष्ट मला गृहीत धरावी लागते?’ असे विचारा. ज्यासाठी काही गृहीत धरावे लागत नाही तो निवडा. वेळेचे म्हणाल तर एका शब्दावर मिनिटापेक्षा जास्त थांबू नका, खूण करून पुढे जा. पुढच्या परिच्छेदात तीच गोष्ट सोप्या शब्दांत आलेली असणे अगदी नेहमीचे आहे.

नवेपान

‘गृहीत धरावे लागते का’ ही कसोटी फारच कामाची आहे. आभारी आहे.

पर्णिका

‘बसणारे पण चुकीचे’ हा जो मूळ मुद्दा आहे त्यावर थोडे सविस्तर लिहिते. इझाबेल बेक, मार्गारेट मॅककिऑन आणि एलन मॅककॅस्लिन यांनी १९८३ मध्ये संदर्भांचे चार प्रकार केले: चुकीच्या अर्थाकडे नेणारे, कोणत्याच अर्थाकडे न नेणारे, ढोबळ कल्पना देणारे आणि नेमका अर्थ दाखवणारे. लेखक आपली गोष्ट सांगत असतो, शब्द शिकवत नसतो. त्यामुळे चौथा प्रकार आपण समजतो तितका सर्रास मिळत नाही.

पहिला प्रकार कसा असतो ते ‘निक्षून’वर पाहा.

‘आईने निक्षून सांगितले तेव्हा मुलगा रडकुंडीला आला.’ इथे कोणीही म्हणेल: निक्षून म्हणजे रागावून. वाक्यात अगदी बसते.

‘डॉक्टरांनी निक्षून सांगितले की पंधरा दिवस घराबाहेर पडायचे नाही.’ इथे राग असायचे कारण नाही. ‘रागावून’ ठेवून बघितले तर विचित्र वाटते. ‘बजावून’, ‘काळजीने’ चालतात.

‘मला हे पद नको, असे तिने निक्षून सांगितले.’ आता ‘काळजीने’ही गळाले. तिन्ही ठिकाणी टिकणारा अर्थ एकच: ठामपणे, शंकेला जागा न ठेवता.

पहिल्या वाक्यातला राग ‘निक्षून’मध्ये नव्हता, प्रसंगात होता. प्रसंगाचा रंग शब्दाला लागतो आणि आपण तो शब्दाचाच समजतो. म्हणून अंदाज करताना एक गोष्ट स्वतःला विचारावी: हा अर्थ या शब्दाने आणला, की तो शब्द काढून टाकला तरी वाक्यात तसाच राहतो? ‘आईने सांगितले तेव्हा मुलगा रडकुंडीला आला’ यातही आईचा राग जाणवतोच. म्हणजे तो ‘निक्षून’चा नाही.

हाच घोटाळा नकाराबरोबरच वावरणाऱ्या शब्दांचा होतो. ‘सुतराम शक्यता नाही’, ‘परिणामांची तमा बाळगली नाही’, ‘चकार शब्द काढला नाही’, ‘तो कोणाच्या खिजगणतीतही नव्हता’. हे शब्द कायम ‘नाही’च्या शेजारी भेटतात, म्हणून वाचक नकार त्यांच्यातच आहे असे धरतो आणि ‘तमा’ म्हणजे ‘बेपर्वाई’ असा उलटा अर्थ करून ठेवतो. उपाय सोपा आहे. वाक्यातला ‘नाही’ झाका आणि उरलेल्या भागाचा अर्थ काय व्हायला हवा ते बघा. परिणामांची ___ बाळगली: पर्वा. मग ‘नाही’ परत लावा.

कानामात्रा

‘शब्द काढून बघा’ ही कसोटी अप्रतिम. क्रियाविशेषणांना तर ती हमखास लागू पडते.

दुसरीओळ

जोडशब्दांचे राहिले. सगेसोयरे, खाचखळगे, थट्टामस्करी यांत एक अर्धा ओळखीचा असला की दुसराही कळतो, असे सांगितले जाते. ते अर्धवट खरे आहे. जमाखर्च, चढउतार, यशापयश यांत अर्धे एकमेकांविरुद्ध असतात. आणि अघळपघळ, दगडबिगड यांत एक अर्धा निव्वळ नाद असतो, त्याला अर्थ शोधत बसू नये. वाक्यात त्या जोडशब्दाबद्दल ‘दोन्ही’, ‘ताळमेळ’, ‘फरक’ असे काही असेल तर विरुद्ध जोडी. ‘सगळे’, ‘पुष्कळ’, ‘कसलेच’ असे असेल तर बहुधा समानार्थी.

अन्वयार्थ

सगळ्यांचे प्रतिसाद जपून ठेवावेत असे आहेत. आता कोशाबद्दल, कारण अंदाज पडताळायचा तर शेवटी तिकडे जावेच लागते. स्वॅनबोर्न आणि डी ग्लॉपर यांनी १९९९ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात सहज वाचनात भेटलेल्या शंभर अनोळखी शब्दांपैकी साधारण पंधरा शब्द वाचकाला काही अंशी आत्मसात होतात असे आढळले. त्यामुळे एकदा अंदाज बरोबर आला म्हणजे शब्द आपला झाला, असे मानू नये.

कोशात शोधताना दोन ठिकाणी अडते. एक, छापील मजकुरात शब्द सामान्यरूपात असतो आणि कोशात मूळ रूपात. ‘भिडेखातर’ शोधून मिळत नाही, ‘भीड’ पाहावे लागते. ‘वेठीस धरणे’साठी ‘वेठ’. ‘घशात’साठी ‘घसा’. ‘वाऱ्यावर’साठी ‘वारा’. ऱ्हस्व इ-उ दिसले तर दीर्घ करून बघा, ‘शा’ दिसला तर ‘सा’, ‘ऱ्या’ दिसला तर ‘रा’.

दोन, वाक्प्रचार कोणत्या शब्दाखाली पाहायचा? जुन्या मोठ्या कोशांत, मोल्सवर्थच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत किंवा दाते-कर्वे मंडळाच्या महाराष्ट्र शब्दकोशात, तो बहुधा नामाखाली सापडतो. ‘पाणी पाजणे’ हे ‘पाजणे’खाली न शोधता आधी ‘पाणी’खाली शोधा. नोंद लांब असते, पण अंदाज आधी केलेला असल्याने नेमकी ओळ पटकन हाती लागते. अंदाज न करता गेलात तर तीस अर्थांतला कोणता घ्यायचा हा प्रश्न तसाच राहतो. जुन्या कोशातला अर्थ आजच्या वापराशी जुळतो का, हेही आपल्या वाक्यात ठेवून बघावे.

कानामात्रा

नोंद कशी ठेवावी यावर एवढेच: वाक्प्रचार सुटा लिहू नका, त्याचे प्रत्यय लावलेले खण रिकामे ठेवून लिहा. ‘(कोणाला) पाठीशी घालणे’ आणि ‘(कोणाच्या) पाठीशी उभे राहणे’. पहिल्यात त्या माणसाचा दोष झाकणे आहे, दुसऱ्यात त्याला आधार देणे. नुसते ‘पाठीशी’ लिहून ठेवले तर सहा महिन्यांनी दोन्ही एकच वाटतील.

‘दाद’चे तसेच: ‘(गायकाला) दाद देणे’, ‘(दुखण्याने औषधाला) दाद न देणे’, ‘(न्यायालयात) दाद मागणे’. कंसातली नावे मूळ वाक्यातून जशीच्या तशी उचला. पुढे तोच वाक्प्रचार एखाद्या वेगळ्याच नामाबरोबर भेटला तर ते नाम त्याच कंसात वाढवा. एका खणात तीन-चार नामे जमली की तो वाक्प्रचार माणसांपुरता आहे, वस्तूंपुरता आहे की दोन्हींना चालतो, हे वेगळे शोधावे लागत नाही.